परवान्याची मंडळी आणि घरांतील मंडळी

इ. स. २०२५ च्या आक्टोबर महिन्यांत चीन देशांतील सियोन मंडळीचे पाळक जिन मिंगरी व त्यांच्याबरोबर सेवा करणारे बरेच बंधुभगिनी यांस निरनिराळ्या शहरांत पकडण्यांत आलें, ही वार्ता आमच्या वाचकांच्या कानीं आलीच असेल. तेव्हांपासून आमच्या कित्येक खेड्यांतील मंडळ्या रविवारच्या उपासनेंत व आठवड्याच्या प्रार्थनासभेंत चिनी मंडळीची आठवण करितात. हें ऐकून आम्हांस समाधान वाटलें. कारण ज्यांचें तोंड आपण कधीं पाहिलें नाहीं व ज्यांची भाषा आपणांस समजत नाहीं, त्यांच्याकरितां गुडघे टेकणें हें एकाच शरीराचे अवयव असल्याचें चिन्ह होय. परंतु अशाच एका सभेनंतर मंडळीच्या एका वृद्ध वडिलांनीं आम्हांस एक प्रश्न केला. ते म्हणाले, ‘बंदींत असलेल्यांकरितां आम्हीं प्रार्थना केली, तें ठीक झालें. पण ज्यांनीं सरकारचा परवाना घेऊन आपल्या मंदिरांचीं दारें उघडीं ठेविलीं आहेत, त्यांचें काय? त्यांस भाऊ म्हणावें, कीं भावाला टाकून गेलेले म्हणावें?’ या प्रश्नाचें उत्तर आम्हीं त्या दिवशीं दिलें नाहीं. थोडा अवकाश मागून घेतला. विचाराअंतीं जें सुचलें तें आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

प्रथम वस्तुस्थिति सांगितली पाहिजे. चीन देशांत प्रॉटेस्टंट ख्रिस्ती लोकांच्या दोन प्रकारच्या मंडळ्या आहेत. पहिल्या सरकारच्या दप्तरीं नोंदलेल्या. त्या ‘त्रिस्व देशभक्त चळवळ’ व ‘चीन ख्रिस्ती परिषद’ या दोन संस्थांच्या देखरेखीखालीं चालतात. दुसऱ्या नोंदणीबाहेरच्या, त्यांस ‘घरांतील मंडळ्या’ म्हणण्याचा प्रघात आहे, मग त्या शेतकऱ्याच्या ओसरीवर जमोत कीं शहरांतील भाड्याच्या दिवाणखान्यांत जमोत. १९४९ सालीं त्या सबंध देशांत प्रॉटेस्टंट ख्रिस्ती सुमारें दहा लक्ष किंवा त्याहूनही कमी होते. २०१८ सालीं सरकारनें प्रसिद्ध केलेल्या पत्रिकेंत ही संख्या ३ कोटि ८० लक्ष दिली आहे. बाहेरचे अभ्यासक निरनिराळे आंकडे सांगतात. पण कोणताही आंकडा घेतला तरी एवढें खरें कीं, ज्या वर्षांत परदेशी मिशनरी तेथें राहिले नव्हते, त्याच वर्षांत तें झाड वाढलें.

आतां ‘त्रिस्व’ हें नांव कोठून आलें, हें आमच्या वाचकांनीं मुद्दाम जाणावें. कारण त्याचें एक मूळ आमच्याच अंगणांतून गेलेलें आहे. मंडळीनें आपला खर्च आपण करावा, आपला कारभार आपण पाहावा व सुवार्तेचा प्रसार आपण करावा, हें तत्त्व गेल्याच्या मागील शतकांत दोघां गृहस्थांनीं मांडिलें. एक इंग्लंडांतील चर्च मिशनरी सोसायटीचे हेन्री व्हेन, व दुसरे अमेरिकन बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन. याच अमेरिकन बोर्डानें १८१३ सालीं मुंबईस मराठी मिशन सुरू केलें व १८३० सालीं त्याचा पहिला सेवक चीनमध्यें पोंचला. अँडरसनसाहेब १८५४-५५ सालीं स्वतः आपल्या देशांत येऊन गेले. मुंबई व अहमदनगर येथील काम त्यांनीं पाहिलें, आणि खेड्यांतील मंडळ्यांवर त्याच लोकांतले पाळक नेमावे, असा त्यांचा आग्रह होता. म्हणजे आज चिनी मंडळीच्या दारावर जी पाटी आहे, तिच्यावरील शब्द आमच्या आजोबापणजोबांनींही ऐकिले होते. शब्द तेच, परंतु ते कोणाच्या तोंडीं आहेत व कोणाच्या हुकुमानें आहेत, यावर त्यांचा अर्थ फिरतो.

मग चिनी सरकारास हे शब्द इतके प्रिय कां झाले? याचें कारण सांगतांना आपणांस थोडी लाज बाळगावी लागेल. रॉबर्ट मॉरिसनसाहेब १८०७ सालीं चीनच्या किनाऱ्यावर उतरले व त्यांनीं मोठ्या कष्टानें पवित्र शास्त्राचें भाषांतर केलें. त्यांच्या हातीं शस्त्र नव्हतें. परंतु पुढें १८३९ ते १८४२ पर्यंत इंग्रजांनीं चीनशीं जें युद्ध केलें, त्याच्या मुळाशीं अफूचा व्यापार होता. ती अफू आपल्याच देशांत पिकत असे. माळव्याची अफू मुंबई बंदरांत जहाजांवर चढत असे, आणि तिच्या नफ्यावर त्या शहरांतील कित्येक घराणीं श्रीमंत झालीं. १८५८ च्या तहांनीं मिशनऱ्यांस चीनच्या अंतर्भागांत जाऊन उपदेश करण्याची मोकळीक मिळाली. पण ती तोफांच्या जोरावर मिळालेली मोकळीक होती. कित्येक मिशनऱ्यांनीं अफूविरुद्ध निकरानें लढा दिला, हें खरें. १९०० सालच्या बॉक्सर बंडांत शेंकडों मिशनरी व हजारों चिनी ख्रिस्ती मारले गेले, आणि तरीही चायना इन्लंड मिशननें नुकसानभरपाई घेण्याचें नाकारिलें, हेंही खरें. तथापि ज्या घरांत अफूनें बाप मेला, त्या घरांतील मुलानें गलबतावरून उतरलेल्या शास्त्राकडे संशयानें पाहिलें, तर त्याचा सगळा दोष त्याच्या माथीं मारतां येत नाहीं.

परक्यांच्या आधारावांचून उभें राहण्याची इच्छा चिनी ख्रिस्ती लोकांत कम्युनिस्ट राज्य येण्याच्या पुष्कळ आधीं होती. १९०६ सालीं यू ग्वोझेन नामक पाळकानें शांघाय येथें स्वतंत्र चिनी मंडळी स्थापिली. १९१० सालीं एडिंबरो येथील जागतिक मिशनरी परिषदेंत चेंग जिंगयी हे तरुण चिनी गृहस्थ बोलावयास उभे राहिले व पंथभेद नसलेली एक चिनी मंडळी आम्हांस पाहिजे, असें त्यांनीं निर्भयपणें सांगितलें. त्याच परिषदेंत आपल्या देशांतर्फे अझरयासाहेबांनीं मिशनऱ्यांजवळ मैत्रीची मागणी केली होती. १९२७ सालीं अनेक पंथांच्या मंडळ्या एकत्र येऊन ‘चीन देशांतील ख्रिस्तमंडळी’ बनली. ही वाट संथ होती, पण ती पायांनीं चाललेली वाट होती.

१९४९ सालीं राज्य बदललें. दुसऱ्याच वर्षीं कोरियांत युद्ध पेटलें व परदेशी मिशनऱ्यांस देश सोडावा लागला. १९५० सालीं वू याओझोंग व त्यांच्या सोबत्यांनीं एक जाहीरनामा काढिला. त्यांत परदेशी साम्राज्याशीं असलेला संबंध तोडण्याचें व नव्या सरकारास पाठिंबा देण्याचें वचन होतें. लाखों ख्रिस्ती लोकांच्या त्यावर सह्या घेण्यांत आल्या. १९५१ सालीं ‘आरोपसभा’ सुरू झाल्या. या सभांत ख्रिस्ती मनुष्यानें व्यासपीठावर उभें राहून आपल्या मिशनऱ्यावर, आपल्या बिशपावर, आपल्या पाळकावर जाहीर दोषारोप करावा लागे. ज्याच्या हातून प्रभुभोजन घेतलें त्याच्याकडे बोट दाखवावें लागे. १९५४ सालीं त्रिस्व चळवळीची रीतसर स्थापना झाली. १९५८ सालीं निरनिराळ्या पंथांच्या उपासना हुकुमानें एकत्र करण्यांत आल्या व बहुतेक मंदिरें बंद झालीं. चेंग जिंगयींनीं ज्या ऐक्याचें स्वप्न पाहिलें, तें असें एका वर्षांत झालें! आपल्या इकडे १९७० सालीं नागपूर येथें उत्तर भारताची मंडळी स्थापन होण्यापूर्वीं कित्येक दशकें बोलणीं, भांडणें व प्रार्थना चालल्या होत्या. त्या दिरंगाईस आपण पुष्कळदां हंसलों आहों. परंतु मन वळवून घडविलेलें ऐक्य व कुलूप लावून घडविलेलें ऐक्य यांतील अंतर चिनी मंडळीच्या इतिहासावरून कळतें.

१९६६ सालीं सांस्कृतिक क्रांति म्हणून जी वावटळ सुटली, तिनें नोंदलेली व न नोंदलेली हा भेदच ठेविला नाहीं. सर्व मंदिरें बंद झालीं, शास्त्राच्या प्रती जाळल्या गेल्या, आणि ज्यांनीं पंधरा वर्षांपूर्वीं दुसऱ्यांवर आरोप केले होते, त्यांच्यापैकीं पुष्कळांच्या गळ्यांतही आरोपाच्या पाट्या अडकविण्यांत आल्या. त्या काळीं मंडळी जिवंत राहिली ती घरांत, रात्रीं, दोघांतिघांच्या प्रार्थनेंत, हातानें उतरून घेतलेल्या शास्त्राच्या पानांत. १९७९ सालीं निंगबो, शांघाय इत्यादि शहरांत मंदिरांचीं दारें पुन्हां उघडूं लागलीं. १९८१ सालीं नान्जिंग येथील धर्मशिक्षणाची शाळा पुन्हां सुरू झाली. तेव्हांपासून आजचा प्रश्न उभा आहे. उघडलेल्या दारांतून आंत जावें, कीं घरांतच राहावें?

जे आंत गेले त्यांची बाजू आपण प्रथम ऐकूं. ते म्हणतात, ‘पौलानें रोमकरांस पत्र लिहिलें त्या वेळीं नेरो राज्य करीत होता, तरीही अधिकाऱ्यांचा मान ठेवा, असेंच त्यानें शिकविलें. आमच्या खेड्यांत म्हाताऱ्या बाया आहेत, निरक्षर शेतकरी आहेत. त्यांस दार बंद असलेलें मंदिर नको, उघडें असलेलें पाहिजे. आम्ही नोंदणी केली म्हणून बाप्तिस्मे झालें, पाळक शिकून तयार झाले, शास्त्र छापलें गेलें.’ आणि हें पोकळ बोलणें नव्हे. नान्जिंग येथें अमिटी संस्थेनें युनायटेड बायबल सोसायट्यांच्या साह्यानें जो छापखाना चालविला, त्यांतून २०१९ पर्यंत वीस कोटि शास्त्रें छापून निघालीं. त्यांतील कोट्यवधि प्रती चिनी मंडळ्यांच्या हातीं पडल्या. ज्या देशांत एकेकाळीं एक मार्कचें शुभवर्तमान हातानें उतरून सबंध गांव वाचीत असे, तेथें ही गोष्ट लहान नाहीं.

आतां घरांत राहिलेल्यांची बाजू. ते म्हणतात, ‘मंडळीचें मस्तक ख्रिस्त आहे. दाराला रंग कोणता द्यावा, हें सरकारनें सांगावें. परंतु उपदेशपीठावर कोणीं उभें राहावें, काय शिकवावें व कोणत्या वयाच्या मुलांस शिकवावें, हें सरकारनें ठरविलें कीं मस्तक दुसरें झालें. पेत्रानें धर्मसभेपुढें उभें राहून मनुष्यांपेक्षां देवाची आज्ञा मानण्याचा जो निश्चय केला, तोच आमचा.’ हेंही पोकळ बोलणें नव्हे. बीजिंग येथील शोवांग मंडळीनें लपून राहण्याचा हट्ट धरिला नव्हता. तिनें २००६ सालीं आपण होऊन नोंदणीचा अर्ज केला. मात्र त्रिस्व चळवळींत सामील होण्यास ती तयार नव्हती, आणि म्हणून अर्ज नाकारला गेला. पैसे साठवून घेतलेली जागाही तिला वापरूं दिली नाहीं. २०११ सालीं ती मंडळी उघड्या मैदानांत उपासना करूं लागली, तेव्हां लोकांस धरून नेण्यांत आलें व पाळकांस घरांतच कोंडण्यांत आलें. चेंगडू येथील पाळक वांग यी यांस २०१८ च्या डिसेंबरांत पकडून पुढील वर्षाच्या अखेरीस राज्यद्रोहाच्या चिथावणीबद्दल नऊ वर्षांची शिक्षा सुनावण्यांत आली.

येथवर वाचून कोणी म्हणेल कीं, मग निवाडा सोपाच आहे. घरांतील मंडळी शूर, परवान्याची मंडळी भ्याड. परंतु वस्तुस्थिति हा निवाडा मान्य करीत नाहीं. २०१४ ते २०१६ या काळांत झेज्यांग प्रांतांत एक हजाराहून अधिक मंदिरांवरील क्रूस काढून टाकण्यांत आले. त्यांतील पुष्कळ मंदिरें रीतसर नोंदलेलीं होतीं. वेन्झाऊ शहरानजीकचें साऱ्या गांवानें वर्गणी करून बांधिलेलें भव्य मंदिर २०१४ सालीं जमीनदोस्त झालें. त्या वेळीं म्हाताऱ्या स्त्रियांनीं मंदिरांच्या दारांत रात्रंदिवस बसून पहारा केला. त्या परवान्याच्या मंडळीतल्याच स्त्रिया होत्या. हांगझाऊ येथील एका अतिशय मोठ्या नोंदलेल्या मंडळीचे पाळक गू युएसे यांनीं क्रूस काढण्याविरुद्ध आवाज उठविला, म्हणून २०१६ सालीं त्यांस पदावरून दूर करून अटकेंत ठेविलें. १ फेब्रुवारी २०१८ पासून अंमलांत आलेल्या नव्या नियमांनीं नोंदलेल्यांवरील बंधनेंही आवळलीं. कांहीं प्रांतांत अठरा वर्षांखालील मुलांस उपासनेस आणूं नये, असे हुकूम निघाले. तेव्हां शूरांची व भ्याडांची रेषा दोन इमारतींमधून जात नाहीं. ती एकेका मनुष्याच्या अंतःकरणांतून जाते.

आणखी एक गोष्ट. नोंदलेल्या मंडळ्यांस आज ‘धर्माचें चिनीकरण’ करण्यास सांगण्यांत येतें. त्यासाठीं २०१८ ते २०२२ अशी पंचवार्षिक योजनाही आंखली होती. ‘चिनीकरण’ या शब्दानेंच आपण दचकूं नये. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनीं आयुष्यभर काय केलें? ख्रिस्त मराठी कानांस मराठीच वाटावा म्हणून भजन, कीर्तन व अभंग हीं साधनें मंडळींत आणिलीं, व १९१७ सालीं ‘देवाचा दरबार’ मांडिला. चीनमध्येंही असें झालें आहे. हेनान प्रांतांतील शेतकरी कुटुंबांत वाढलेली, शाळा अर्धवट सुटलेली ल्यू श्याओमिन नांवाची स्त्री घरांतील मंडळींत गाऊं लागली. तिच्या तोंडून हजाराहून अधिक गीतें निघालीं व तीं देशभर पसरलीं. तिला कोणत्या कचेरीनें योजना आंखून दिली नव्हती. जें प्रीतीनें उगवतें तें स्वदेशी असतें. जें हुकुमानें उगवतें तें, त्याचा पोशाख कसाही असो, परकेंच असतें.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. भाऊ कोण व भावाला टाकून गेलेला कोण? या बाबतींत प्राचीन मंडळीचा अनुभव आपणांस मार्ग दाखवील. इ. स. २५० मध्यें रोमचा बादशहा डेसियस यानें हुकूम काढिला कीं, प्रत्येकानें देवतांस बलि अर्पण करावा व तसें केल्याचा दाखला जवळ बाळगावा. कित्येक ख्रिस्ती लोकांनीं भीतीनें बलि दिला. कित्येकांनीं बलि न देतां पैसे चारून दाखला मिळविला. कित्येक बंदींत पडले व तेथेंच मेले. छळ शमल्यावर पडलेले लोक रडत परत आले. त्यांचें काय करावें? कार्थेजचे बिशप सिप्रियन यांनीं त्यांस कायमचें बाहेर घालविलें नाहीं, किंवा कांहीं झालेंच नाहीं असेंही म्हटलें नाहीं. एकेकाची हकीकत ऐकावी, पश्चात्ताप पाहावा व मग हात धरून आंत घ्यावें, असा मार्ग काढिला. पुढें ३०३ सालच्या छळांत ज्या पाळकांनीं शास्त्राच्या प्रती शिपायांच्या स्वाधीन केल्या, त्यांच्या हातचा बाप्तिस्मा खोटा, असें दोनातपंथी लोक म्हणूं लागले. ऑगस्टीननें उत्तर दिलें कीं, बाप्तिस्मा ख्रिस्ताचा आहे, पाळकाचा नव्हे. त्याच ऑगस्टीननें शेवटीं दोनातपंथीयांवर बादशहाची सक्ति योग्य मानिली, ही त्याची मोठी चूक होय. परंतु त्याचें पहिलें उत्तर आजही खरें आहे.

याच प्रकाशांत वांग मिंगदाओ या सेवकाचें चरित्र पाहा. ते बीजिंगचे निर्भय उपदेशक. त्रिस्व चळवळींत जाण्यास त्यांनीं साफ नकार दिला. १९५५ च्या आगस्ट महिन्यांत त्यांस पकडलें. वर्षभर तुरुंगांत राहिल्यावर त्यांचें धैर्य खचलें. त्यांनीं आपल्या अपराधाच्या कबुलीवर सही केली, ती लोकांपुढें वाचली व ते सुटले. परंतु सुटका झालेला हा मनुष्य बंदिवानापेक्षां दुःखी होता; पेत्राप्रमाणें आपण धन्यास नाकारिलें, हें शल्य त्यांस जाळीत राहिलें. १९५८ सालीं ते पुन्हां तुरुंगांत गेले; तेथें पुढें त्यांनीं आपली कबुली मागें घेतली, आणि १९८० सालीं ते बाहेर आले तेव्हां सुमारें ऐंशी वर्षांचे वृद्ध होते. वाचकहो, जर आपण १९५६ सालींच या मनुष्याचा निवाडा करून त्यास मंडळींतून खोडून टाकिलें असतें, तर कोणाला खोडलें असतें? आणि ज्यांस पुन्हां उभें राहण्याची संधि मिळण्यापूर्वींच मरण आलें, त्यांच्या अंतःकरणांत शेवटल्या रात्रीं काय झालें, हें कोणास ठाऊक आहे?

तर मग सर्व सारखेंच, कोणीं कांहींही केलें तरी चालेल, असें आमचें म्हणणें आहे काय? मुळींच नाहीं. येथें तीन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. पहिली, सरकारच्या दप्तरीं नांव लिहिणें. हें स्वतः पाप नव्हे. आमच्या महाराष्ट्रांतील मंडळ्यांच्या मिळकतीही १९५० च्या सार्वजनिक न्यासांच्या कायद्याखालीं नोंदलेल्या आहेत, व हिशेब धर्मादाय आयुक्तांच्या कचेरींत जातात; यामुळें ख्रिस्ताचें मस्तकपण गेलें, असें कोणी म्हणत नाहीं. दुसरी, नांव लिहितांना देवाचें वचन कापून देणें. अमुक शिकवूं नका, लेंकरांस येऊं देऊं नका, ही अट मान्य करणें. येथें सद्सद्विवेकबुद्धीची खरी कसोटी लागते. प्रभूनें लेंकरांस जवळ येऊं देण्यास सांगितलें. तीं दारांतून परत लाविणें कोणत्याही परवान्याच्या किंमतीपेक्षां महाग आहे. तरी पण दार अर्धें उघडें ठेवून आंतल्या म्हाताऱ्यांस सांभाळणारा पाळक आणि दार बंद करून तुरुंगांत जाणारा पाळक, या दोघांस आपापल्या धन्यापाशीं हिशेब द्यावयाचा आहे. तो आपल्यापाशीं नव्हे.

तिसरी गोष्ट मात्र कोणत्याही परिस्थितींत योग्य ठरत नाहीं, आणि ती म्हणजे स्वतःच्या बचावासाठीं भावाविरुद्ध साक्ष देणें. १९५१ च्या आरोपसभांत जें घडलें, तें दहा आज्ञांपैकीं एकीचा उघड भंग होतें. आपल्या भीतीची किंमत आपण भरणें ही दुर्बळता. पण तीच किंमत भावाच्या गळ्यांतून वसूल करणें हें पाप. त्या वृद्ध वडिलांच्या प्रश्नास आमचें उत्तर हेंच. परवाना घेतला म्हणून कोणी भावास टाकून गेला, असें होत नाहीं. भावास धरून दिलें म्हणजे टाकून गेला. आणि तोही परत येईल, तर त्यासाठीं दार आहे. मात्र त्या दाराशीं त्यानें ज्याला धरून दिलें, तो भाऊ उभा असेल, व त्याच्या डोळ्यांत पाहूनच आंत यावें लागेल. १९७९ नंतर चीनच्या पुष्कळ मंदिरांत आरोप करणारे व ज्यांवर आरोप झाला ते एकाच बांकावर बसूं लागले. क्षमेविषयीं आपण जीं प्रवचनें ऐकितों, त्यांपेक्षां त्या बांकावरील एक तास कठीण गेला असेल.

हें लिहीत असतांना आमच्या मनांस एक गोष्ट टोंचते, ती सांगितल्यावांचून लेख पुरा करवत नाहीं. चीनमधील ख्रिस्ती मनुष्यानें भावाविरुद्ध साक्ष दिली, तेव्हां त्याच्यामागें बंदुकवाला उभा होता. आमच्यामागें कोण उभा आहे? मिशनच्या जुन्या बंगल्यासाठीं, शाळेच्या कमिटीसाठीं, स्मशानभूमीच्या तुकड्यासाठीं आमच्या मंडळ्यांतील बंधु एकमेकांवर कोर्टांत फिर्यादी करितात, प्रतिज्ञापत्रें घालितात, आणि त्याच रविवारीं एकाच प्याल्यांतून पितात. पौलानें करिंथकरांस याच गोष्टीबद्दल लाज वाटावयास लाविली होती. कोणीं सक्ति न करितां आम्हीं जें करितों, तें सक्तीखालीं ज्यांनीं केलें त्यांचा न्याय करण्यास आम्हीं न्यायासनावर बसावें काय?

तसेंच स्वावलंबनाचें. चीनमध्यें खेड्यांतील मंडळ्या पुष्कळदां पगारी पाळकावांचून चालतात. तरुण मंडळी पोटासाठीं शहरांतील कारखान्यांकडे गेली. मागें राहिलेल्या वृद्ध स्त्रियाच आजाऱ्यास भेटतात, प्रेतापाशीं प्रार्थना करितात, व ज्यांस वाचतां येतें त्या न येणाऱ्यांस वाचून दाखवितात. आमच्या खेड्यांतील तरुणही पुण्यामुंबईस गेले आहेत. उद्यां पाळकाचा पगार थांबला, तर आमची मंडळी किती रविवार जमेल? पूर्वीं आमच्या घरोघरीं स्वयंपाकाच्या वेळीं मंडळीसाठीं मूठभर धान्य वेगळें काढीत असत. तें मडकें कोठें गेलें? अँडरसनसाहेबांनीं जो शब्द नगरास येऊन सांगितला, तो चीनमधील एका निरक्षर म्हातारीनें अधिक चांगला ऐकिला, असें तर झालें नाहीं ना?

म्हणून आमची विनंती अशी. पुढील रविवारीं चिनी मंडळीकरितां प्रार्थना करितांना बंदींत असलेल्यांचीं नांवें घ्याच. त्यांच्या बायकामुलांचीही आठवण करा. पण त्यांच्याबरोबर त्या पाळकाचीही आठवण करा, ज्याच्या मंदिराचें दार उघडें आहे, पण ज्याला प्रत्येक शब्द तोलून उपदेश करावा लागतो व रात्रीं झोंप येत नाहीं. जो उद्यां पडणार आहे त्यालाही विसरूं नका. कारण प्रभूनें पेत्राकरितां प्रार्थना केली ती तो पडण्याच्या आधीं. दुसऱ्याच्या पाठीवरील फटके मोजून आपण आपलें धैर्य ठरवूं नये. आपल्या गांवांत, आपल्या मंडळींत, ज्या भावाशीं आपण बोलत नाहीं, त्याच्या दारीं एकदां जाऊन यावें, आणि मग गुडघे टेकावे. अशी प्रार्थना चीनपर्यंत पोंचण्यास कोणाचा परवाना लागत नाहीं.